खिशातली शेंग

कल्पना करा, की तुम्ही जमिनीवर पालथे पडला आहात. कोपरं मातीत, हनुवटी तळहातांवर, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर एक पिवळं फूल. घाई करू नका. आधी पाकळ्या मोजा. चार भरतील. समोरासमोर दोन-दोन, जणू कुणी अधिकचं चिन्ह काढून ठेवलंय. आता आत डोकावा. बारीक दांडे दिसतील, टोकाला पिवळी पूड लागलेले. ते सहा. त्यांतले चार उंच आणि दोन बुटके, फोटोसाठी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या घरच्या मंडळींसारखे.

जमलं? मग तुम्ही मोहरीच्या घरात शिरलात. हे घर भलतंच मोठं आहे. मोहरी तर त्यातली आहेच, पण मुळा, कोबी, नवलकोल, हळीव हीसुद्धा एकमेकांची चुलत-मावस भावंडं. शिवाय ज्यांना कुणी पेरत नाही, पाणी घालत नाही, अशी रानटी भावंडं आणखी वेगळी. ती रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, जिथे जागा मिळेल तिथे आपली आपण वाढतात. आणि पंचाईत अशी, की या सगळ्यांचे चेहरे सारखे. नुसत्या फुलाकडे बघून कोण कुठलं ते सांगायला गेलात, की फसलात.

मग ओळखायचं कसं? शेंगेवरून. फूल गळून पडलं की त्याच्या जागी शेंग धरते, आणि ती मात्र प्रत्येकाची निराळी. कुणाची सुईसारखी, कुणाची नाण्यासारखी चपटी नि गोल, तर कुणाची म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची इवलीशी पिशवी.

आता उठा, कपडे झटका आणि माझ्याबरोबर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चला. आपली भिंगरी तिथेच बसली आहे.

भिंगरी पाचवीत होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. पण दर शनिवारी सकाळी या खोलीत आली, की ती खुर्चीला चिकटवल्यासारखी बसायची. इथे रानफुलांच्या गटाची बैठक भरायची. गावातली माणसं वाटेत दिसलेल्या फुलांचे फोटो पाठवायची आणि गटातली मुलं मोठ्या पडद्यावर ते फोटो बघून नावं शोधायची. गट चालवायच्या एक निवृत्त शिक्षिका. मुलं त्यांना माघारी शेंगाबाई म्हणायची, कारण फोटो कितीही सुरेख असला तरी चष्म्याच्या वरून बघत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "शेंग कुठंय?" आपल्याला काय म्हणतात ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. एकदा वाढदिवसाच्या केकवर मुलांनी तेच नाव लिहून आणलं, तेव्हा त्यांनी फक्त अनुस्वार नीट आहे ना ते पाहिलं आणि सुरी मागितली.

खोलीतल्या लांब भिंतीवर गावाचा नकाशा होता, बरेच कागद जोडून केलेला. प्रत्येक रस्ता, प्रत्येक गल्ली त्यात होती. एखादं झाड कुठे सापडलं की तिथे त्याचं नाव बाई आधी पेन्सिलीने लिहायच्या. खात्री पटली की वर्षातून एकदा, नकाशाच्या दिवशी, बाई ते शाईने गिरवायच्या आणि खाली ज्याला ते सापडलं त्याचं नाव घालायच्या. खात्री पटायची अट एकच. फोटोत फूल हवं आणि त्याच झाडाची शेंगही हवी, फोटोत किंवा हातात. शाईचं पेन बाईंच्या पर्समध्ये असायचं आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती त्या देत नसत.

भिंगरीचे बाबा बस चालवायचे. त्या नकाशात असा एकही मोठा रस्ता नव्हता, जिथून बाबांची बस गेली नव्हती. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या चौकात सिग्नल उगाच लांबतो, सगळं त्यांना पाठ. पण त्या नकाशावर पोस्टमनकाकांचं नाव होतं, दाताच्या डॉक्टरीणबाईंचं होतं, पलीकडच्या गल्लीतल्या जुळ्या भावांचं होतं, आणि बाबांचं कुठेच नव्हतं. हे भिंगरीला खुपायचं. ती ते कुणाला बोलून दाखवत नसे. फक्त शनिवारी खोलीत शिरली की तिची नजर आधी नकाशाकडे जायची.

बाबा प्रयत्न करत नव्हते असं नाही. शेवटच्या थांब्यावर बस उभी असायची तेवढ्या वेळात बाकीचे चहा प्यायचे आणि बाबा गवतात गुडघे टेकून फोटो काढायचे. फोटोही काय सुंदर. फूल मधोमध, मागे हिरवंगार, कुठे एक वाळकं पान नाही. बाई एकदा म्हणाल्या, तुझे बाबा फुलांचे फोटो काढतात की स्थळांना दाखवायला पाठवतात? सगळे हसले, भिंगरीही हसली. पण फोटो परत गेला, कारण त्यात शेंग नव्हती. बाबांच्या एकाही फोटोत शेंग नसायची. भिंगरीने त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं, की शेंग बघा. ते म्हणायचे, बघतो ना, पण नसतेच तर काय करू? माझ्या वाट्याला सगळी बिनशेंगांचीच येतात.

एका संध्याकाळी बाबांनी तिला एक फोटो दाखवला. डेपोच्या मागे, तारेच्या जाळीला लागून गवताचा पट्टा होता, तिथला. पिवळं फूल, चार पाकळ्या. भिंगरीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पाकळ्यांवर बारीक गडद रेघा होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

आता इथे दोन भावंडांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढे गोंधळ होईल. एक रानमोहरी आणि एक रानमुळा. दोघांची फुलं पिवळी, वरून बघितली तर सख्खी जुळी वाटावीत. फरक दोन-तीनच. रानमुळ्याच्या पाकळ्यांवर शिरा उठून दिसतात. रानमोहरीची शेंग वाळली की उभी उकलते, दार उघडावं तशी. रानमुळ्याची शेंग मात्र दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी असते, आणि वाळली की मणी-मणी सुटून येतात. त्या गावात रानमोहरी पावलोपावली होती. रानमुळा मात्र गटातल्या कुणालाच अजून मिळाला नव्हता. नकाशाच्या कोपऱ्यात बाईंनी राहिलेल्या झाडांची नावं लिहिली होती, त्यांत ते सगळ्यांत वर होतं.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "हा रानमुळा आहे."

एवढं वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अख्ख्या डेपोत पसरलं होतं. बाबांनी मेकॅनिकला सांगितलं, तिकीट-खिडकीवर सांगितलं, बसच्या कंडक्टरताईंना तर दोनदा सांगितलं. जे झाड बड्याबड्यांना सापडलं नाही ते माझ्या लेकीनं एका फोटोवरून ओळखलं, असं. कंडक्टरताई म्हणाल्या, म्हणजे आता नकाशावर तुमचं नाव लागणार. उद्या उठून बसलाही देतील. बाबांची छाती अशी फुगली होती, की सीटबेल्ट सैल करावा लागला म्हणे. नकाशाचा दिवस पुढच्याच शनिवारी होता. ज्यांची सुट्टी होती त्या सगळ्यांनी यायचं ठरवून टाकलं.

शेंगाबाईंना मात्र या उत्साहाची लागण झाली नाही. नकाशाच्या दिवसाआधीच्या बैठकीत त्यांनी फोटो पडद्यावर लावला, खुर्ची पुढे ओढली आणि तुम्ही ओळखलंच असेल ते विचारलं.

भिंगरीने शिरा दाखवल्या. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी पोस्टमनकाकांचा एक जुना फोटो लावला, त्याच जाळीजवळ काढलेला. त्यात साधी रानमोहरी होती, शेंगेवरून आधीच ओळखलेली, आणि तिच्या पाकळ्यांवरही तशाच रेघा होत्या. भिंगरीचा चेहरा पडला. मागच्या तारेच्या जाळीची सावली पाकळ्यांवर पडली होती.

"तुझं चुकलंय असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "शिरा आहेत की सावली, ते या फोटोवरून कळत नाही, एवढंच म्हणते. फूल गोड बोलतं. खरं काय ते शेंग सांगते. जा, घेऊन ये."

त्याच दुपारी भिंगरी आणि बाबा डेपोच्या मागे गेले. जाळी होती तिथेच होती. पण गवताचा पट्टा नुकती हजामत केल्यासारखा दिसत होता. डेपोचा माळी सकाळीच यंत्र फिरवून गेला होता आणि कापलेलं सगळं गाडीत भरून नेलं होतं. जमिनीलगत हिरवे खुंट तेवढे राहिले होते. कुठला कुणाचा ते सांगायला बाईसुद्धा धजावल्या नसत्या.

बाबा बराच वेळ जाळीला धरून उभे राहिले. डेपोतल्या सगळ्यांना आपण बोलावून बसलोय, हे त्यांच्या मनात असणार. भिंगरीच्या मनात नकाशा होता. ती उकिडवी बसून खुंट बघत होती.

"बाबा, नीट आठवा. फुलाच्या खाली, देठावर, एकही शेंग नव्हती?"

"नाही गं. शेंग असती तर मी ठेवली नसती का? खाली नुसत्या वाळक्या काड्या होत्या. त्या मी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"म्हणजे साफ केलं. फोटो काढायच्या आधी जरा साफ करायला नको? वाळकं, वाकडंतिकडं असलं की फोटो कसा येईल?"

भिंगरी हळूच उभी राहिली. "त्या काड्या कशा होत्या?"

"कशा म्हणजे काड्यांसारख्या. भुऱ्या. गाठी-गाठींच्या."

आता तुमच्या लक्षात आलं असेल ते भिंगरीच्याही लक्षात आलं. बाबांच्या डोक्यात शेंग म्हणजे मटारची. हिरवी, गुबगुबीत, दाबली की फट्‌ वाजणारी. वाळलेली, करपल्या दोरीसारखी शेंग त्यांना कचरा वाटली. आणि ज्या माणसाच्या बसमध्ये चॉकलेटच्या एका कागदाची खाली पडायची टाप नाही, तो फुलाच्या पायाशी कचरा राहू देईल होय? आजवर फोटो काढलेल्या प्रत्येक झाडाला त्यांनी आधी आंघोळ घालावी तसं स्वच्छ केलं होतं आणि नेमकी त्याची ओळख उपटून टाकली होती.

तिला रडू येतंय की हसू, तेच तिला कळेना. पण तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि तोच महत्त्वाचा होता. त्या काड्या तुम्ही कुठे टाकल्या?

बाबा जवळजवळ रागावले. "टाकल्या? मी? रस्त्यावर?" आणि त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. शर्ट कालच धुतला होता.

बाबांच्या खिशाबद्दल थोडं सांगायला हवं. भिंगरीची आई घरीच शिवणकाम करायची आणि बाबांच्या गणवेशाचे खिसे ती मुद्दाम खोल शिवायची, कारण बाबा जगभरचा केर त्यांत भरून आणायचे. जुनी तिकिटं, खडे, स्क्रू, पेनांची टोपणं. कपडे भिजवण्याआधी आई खिसे उलटे करायची आणि जे निघेल ते शिवणयंत्राशेजारच्या काचेच्या बरणीत टाकायची. बरणी भरली की ती बाबांपुढे ठेवायची आणि म्हणायची, हे घ्या तुमचं संग्रहालय, तिकीट लावा आणि दाखवा लोकांना.

दोघं धापा टाकत घरी आले आणि बरणी मागू लागले, तेव्हा आईने पाय यंत्रावरून काढलाही नाही. ती म्हणाली, मला वाटलंच होतं एक दिवस हिलाही भाव येणार. भिंगरीने जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि बरणी उपडी केली. तिकिटं, स्क्रू, एक बटण, आणि त्यांच्या मध्ये काही भुऱ्या काड्या.

तिने एक काडी चिमटीत धरून भिंगाखाली नेली. काडी कसली, बारीक मण्यांची माळ होती ती. प्रत्येक मण्यानंतर आवळलेली, टोकाला निमुळती चोच. तिने हलकेच ताण दिला. ती उभी उकलली नाही. एक मणी टक्‌कन सुटून कागदावर घरंगळला.

"रानमुळा," भिंगरी पुटपुटली. आणि मग आईच्या गळ्यात पडली, मग बाबांच्या, मग परत आईच्या. आईच्या हातात सुई होती, ती तिने उंच धरली.

नकाशाच्या दिवशी वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डेपोची मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. मेकॅनिकने नखांखालचं वंगण घासून काढायचा प्रयत्न केला होता, तो अर्धाच साधला होता. कंडक्टरताई सवयीने दारातच उभ्या राहून आत चला, आत चला म्हणत होत्या. डेपोचा माळी आला होता, पण अगदी मागे, कारण आपल्या यंत्राखाली काय गेलं हे त्याला कळलं होतं. आई पहिल्या रांगेत होती. बाबा नकाशाजवळ उभे होते, हात मागे बांधून, आणि डेपोच्या चौकोनाकडे बघत होते.

बाईंनी शेंग पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिली. सगळ्या बाजूंनी पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि भिंगरीकडे बघून छान हसल्या. शेंग रानमुळ्याचीच होती, तिळमात्र शंका नव्हती. आपल्या गावात रानमुळा आहे, हे आज ठरलं, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बाईंनी पर्समधून पेन काढलं, टोपण काढलं आणि ते पेनाच्या मागे बसवलं. मग म्हणाल्या, लिहायच्या आधी आमची भिंगरी सांगेल, की ही शेंग मिळाली कशी.

भिंगरी उभी राहिली. तिने जाळी सांगितली, सावली सांगितली, काड्या सांगितल्या. लोक पोट धरून हसले, बाबा सगळ्यांत जास्त. मग ती बरणीपाशी आली.

"बाबा सगळ्या थांब्यांवर फोटो काढतात," ती सांगत होती, "आणि जिथे फोटो काढतात तिथे साफ करतात. ते सगळं खिशात घालतात. आणि आई सगळं त्या बरणीत…"

आणि इथे ती थांबली.

लोकांना वाटलं विसरली. आईने ओठ हलवून पुढचा शब्द द्यायचा प्रयत्न केला. पण भिंगरी विसरली नव्हती. तिला आत्ता, बोलता बोलता, आपलंच वाक्य ऐकू आलं होतं. सगळ्या थांब्यांवर. सगळं खिशात. सगळं बरणीत. मग ही शेंग कुठली? डेपोमागची? की नदीपुलाच्या थांब्यावरची? की टेकडीच्या? फोटोतलं फूल आणि कागदावरची शेंग एकाच झाडाची, हे कशावरून?

तिने बाबांकडे पाहिलं. ते अजून हसत होते. बाईंच्या पेनाचं टोक नकाशापासून बोटभर अंतरावर होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं, निदान तसं दिसत तरी नव्हतं. बाबांचं नाव लागलं असतं, शाईने, कायमचं.

"बाई, थांबा," ती म्हणाली. "शाईनं नका लिहू."

मग तिने कारण सांगितलं. शेंग रानमुळ्याची आहे, हे खरं. पण ती या जागची आहे, हे आपल्याला माहीत नाही. या फुलाची शेंग कुणीच पाहिलेली नाही.

मागून कुणीतरी हळहळलं. मेकॅनिक म्हणाला की पोरी, एवढं कोण बघतंय. भिंगरीने बाबांकडे बघायचं टाळलं. तिला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडला असेल.

"ती म्हणते ते बरोबर आहे," बाबा डेपोच्या मंडळींना म्हणाले. "मी त्याच आठवड्यात पुलापाशीही साफ केलं होतं. खिशात काय काय होतं, माझी मला आठवण नाही. मला नाव पाहिजे होतं, लई पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. पण ते असं नको." आणि मग, जणू राहवलं नाही म्हणून, त्यांनी शेजारच्या कंडक्टरताईंना कोपराने ढोसलं. "बघितलंत? स्वतःच्या बापालाही सोडलं नाही."

हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात लोक पोरगी पहिली आली हे सांगतात.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्या भिंगरीजवळ आल्या आणि इतक्या हळू बोलल्या, की पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं.

"या खोलीत शेंग कुठंय, हे आजवर मी एकटीच विचारत आले. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणी विचारलं."

त्यांनी तिच्या हातात पेन्सिल दिली. नकाशावर बाईंशिवाय आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. भिंगरी स्टुलावर चढली. तिने डेपोच्या चौकोनामागे बारीक अक्षरात 'रानमुळा' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली बाबांचं नाव घातलं. प्रश्नचिन्ह झाडापुढेच येईल आणि नावापुढे येणार नाही, याची तिने काळजी घेतली. टाळ्या पुन्हा पडल्या, आणि या वेळी त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. आईने डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

खाली उतरताना डेपोचा माळी भिंगरीला जिन्यात गाठून म्हणाला, की जाळीला लागून दोन हात जागा मी आता सोडून देतो. साहेबांनी विचारलं तर सांगेन, यंत्र तिथं पोचत नाही. भिंगरी म्हणाली, काका, खरं सांगा ना, झाड आहे म्हणून सोडली. माळी डोकं खाजवत म्हणाला, तुझ्यापुढं काही बोलायची सोय नाही बाई.

त्यानंतर बाबा रोज घरी आले की आधी बूट काढायचे आणि मग बातमी द्यायचे. खुंटांना पानं आलीत. पानं मोठी झालीत. एक उंच दांडा निघालाय. कळ्या आहेत. डेपोतले सगळेच त्या दोन हातांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते. कंडक्टरताईंनी तिथे कुणाला सायकल टेकवू दिली नाही. फुलं आली, पिवळी, चार पाकळ्यांची, पण भिंगरी बघायला गेली नाही. म्हणाली, फुलाला मी एकदा फसलेय.

आणि मग एके दिवशी बाबा आले ते बूट न काढताच दारात उभे राहिले. ते म्हणाले, "खाली वाळक्या काड्या दिसतायत. मी हात लावलेला नाही."

भिंगरी भिंग घेऊन निघाली. जाळीपाशी ऊन तिरपं पडलं होतं. ती पालथी पडली, कोपरं मातीत, हनुवटी तळहातांवर, जसं आपण सुरुवातीला पडलो होतो. वर पिवळं फूल. त्याच दांड्यावर खाली, वाकडीतिकडी, भुरी, मण्या-मण्यांची शेंग. तिने ती बघितली, भिंगातून बघितली, आणि तिचे कान लालबुंद झाले.

बाबा शेजारी गुडघे टेकून फोन रोखत होते. फोटोत एक सुकलेलं पान येत होतं. त्यांचा डावा हात जुन्या सवयीने हळूहळू त्या पानाकडे सरकू लागला.

भिंगरीने तो हात वाटेतच पकडला. मग दुसरा हात पसरून म्हणाली, "बाबा, तुमचा बिल्ला द्या."

बाबांनी छातीवरचा, ड्रायव्हरचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला काढून दिला. तिने तो फ्रॉकच्या टोकाने पुसून चकचकीत केला आणि शेंगेच्या मागे, अगदी जवळ पण शेंगेला धक्का न लावता, दोन बोटांत धरला. फूल, शेंग, सुकलेलं पान आणि बाबांचा नंबर, सगळं एका चौकटीत येईल असा. आणि बाबा फोटो टिपेपर्यंत तिने हात जराही हलू दिला नाही.